पंचांग गेले, पत्ते आले

आंबेडकरी घरांतून पंचांग बाहेर गेले त्याला आता जवळपास सत्तर वर्षे होत आली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेऊन परतलेल्या पिढीने घरातले देव काढले, लग्नाचा मुहूर्त विचारणे सोडले, मुलांच्या पत्रिका काढणे सोडले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना सहीसुद्धा येत नव्हती. आज त्यांचीच पदवीधर नातवंडे रविवारी रात्री मोबाईलवर 'या आठवड्याचे टॅरो भविष्य' उघडतात, आपली रास शोधतात आणि सोमवारी साहेबांशी बोलायचे की नाही, उसने पैसे मागायचे की नाही, हे त्यावरून ठरवतात. हे पुण्या-मुंबईचे फॅड आहे असे कुणी समजू नये. लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबीतही ते चालते, आणि जयभीम घालणाऱ्या पोरापोरींत चालते.

हटकले की उत्तरे तयार असतात. हे ज्योतिष नाही, टॅरो आहे. यात भटजी नाही. फुकट आहे. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे, आमचा विश्वास नाही, आम्ही फक्त प्रॅक्टिकल मार्गदर्शन घेतो.

भटजी नाही, यापासूनच सुरुवात करू. बावीस प्रतिज्ञांतली आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाकडून क्रियाकर्म न करवून घेण्याची आहे. टॅरोवाली ताई ब्राह्मण नाही, शिवाय इंग्रजी बोलते, म्हणून प्रतिज्ञा शाबूत राहिली, हा वकिली युक्तिवाद झाला. भांडण एखाद्या माणसाच्या जातीशी कधीच नव्हते. तुझ्या आयुष्याचा निर्णय घेण्याआधी मला विचार, हा जो अधिकार तो सांगत होता, त्याच्याशी होते. महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज काढला आणि भटाविना लग्ने लागू लागली, तेव्हा ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांवर ग्रामजोशांनी फिर्याद केली होती. जोशाला बोलावले नाही तरी त्याची दक्षिणा बुडता कामा नये, असा तो वतनाचा हक्क. आजच्या जोशाला फिर्याद करायची गरजच उरलेली नाही. तो खिशात बसलेला आहे आणि आपणच त्याला दर आठवड्याला बोट लावून उठवतो. दक्षिणाही चुकलेली नाही. जाहिरातीत जाते, नेटपॅकमध्ये जाते, आणि एखादे संकट आले की 'पर्सनल रीडिंग'च्या फीमध्ये जाते. फुकटचा आठवडा ही दुकानाची पायरी आहे.

आता हे टॅरो मुळात काय? पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झालेला पत्त्यांचा डाव. एकूण 78 पत्ते, त्यातले 56 आपल्या पत्त्यांसारखेच चार रंगांचे, वरचे 22 चित्रांचे. फ्रान्समध्ये आजही लोक तो खेळ म्हणून खेळतात. पहिली तीनेकशे वर्षे या पत्त्यांत इजिप्तचे प्राचीन ज्ञान दडले आहे असे कुणाला वाटले नव्हते. 1781 मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने तसे लिहिले. इजिप्तची लिपी वाचता आली 1822 मध्ये, म्हणजे साहेबांना न वाचता येणाऱ्या लिपीतले ज्ञान आधीच सापडले होते! राशींचा टॅरोशी संबंध त्याहूनही अलीकडचा आहे. लंडनमध्ये 1888 साली निघालेल्या 'गोल्डन डॉन' या गुप्त मंडळाने अमुक पत्ता मेषेचा, तमुक वृषभेचा अशी वाटणी पक्की केली. आज बहुतेकांच्या हातात दिसतात ती चित्रे 1909 ची, पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलेली. चित्रे सुंदर आहेत, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण आजोबांनी टाकून दिलेले पंचांग जुने तरी होते. हे म्हणजे विलायती डावाला विलायती गंडा बांधून आणले आणि आपण त्याला पुरोगामी समजलो.

हिशोबही करून पाहा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. बारा राशींत समान वाटली तर एकेका राशीला 93 लाखांहून जास्त माणसे येतात. त्या सगळ्यांसाठी एक पत्ता. बीबीचा सोयाबीनवाला, त्याच्या शेतात निंदणीला जाणारी बाई आणि त्याचा माल पाडून मागणारा व्यापारी, तिघेही कन्या राशीचे निघाले तर तिघांनाही या आठवड्यात धनलाभ! शिवाय रास कोणती धरायची? आपल्याकडची नावरास चंद्रावरून येते, इंग्रजी पद्धतीची जन्मतारखेवरून, म्हणजे सूर्यावरून. एकाच माणसाच्या दोन राशी वेगवेगळ्या निघू शकतात. ज्याला जी सोयीची वाटते ती तो वाचतो, आणि दोन्ही जुळल्यासारख्या वाटतात.

जुळतात का, याचेही उत्तर जुने आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून स्वभाववर्णन दिले आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी 4.26 आली. मग कळले की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातला बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. हा निबंध 1949 चा. आपल्याकडे 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पत्रिकांची चाचणी घेतली. हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते, एवढेच पत्रिकेवरून ओळखायचे होते. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पत्रिका तपासून उत्तरे पाठवली. बरोबर निघाली 46 टक्के. छापा-काटा केला असता तर निम्मी आली असती. आणि पत्रिकेत निदान जन्मवेळ असते, गणित असते. आठवड्याच्या टॅरोत तेही नाही.

पण खोटे आहे म्हणून आम्ही एवढे लिहिले नसते. खोट्या गोष्टी पुष्कळ आहेत. आमचा खरा राग त्या 'प्रॅक्टिकल' शब्दावर आहे.

त्यातला सल्ला नीट वाचा. वरिष्ठांशी वाद टाळा. रखडलेले पैसे योग्य वेळी मिळतील, संयम ठेवा. घरच्यांचे ऐका. स्वतःवर काम करा. जर्मन समाजशास्त्रज्ञ थिओडोर अडोर्नो यांनी 1952-53 च्या हिवाळ्यात 'लॉस एंजेलिस टाइम्स'मधले रोजचे भविष्य तीन महिने ओळ न ओळ तपासले होते. त्यांना त्यात गूढ असे फार काही सापडले नाही. सापडली ती शिकवण. परिस्थिती बदलत नसते, तू तिच्याशी जुळवून घे, आणि अडचण आली तर ती तुझ्या स्वभावातली समज. एमएला हे शिकताना आम्हाला ते अमेरिकेपुरते वाटले नव्हते. आपल्याकडे याला पूर्वसंचित म्हणत. नाव बदलले, उपदेश तोच राहिला.

कुणाला काय सांगितले जाते, ते बघा. एका मुलीच्या शिष्यवृत्तीचा हप्ता महाडीबीटीवर अडकलेला आहे. कॉलेज फीसाठी तगादा लावते आहे. पत्ता म्हणतो, संयम. ती संयम ठेवते. प्रत्यक्षात अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून असतो, किंवा आधार बँकेला जोडलेले नसते, आणि दुरुस्तीची तारीख निघून जाते. एका मजुराची मजुरी मुकादमाने दाबली आहे, त्याला पत्ता सांगतो वाद टाळा. जातीवरून शिवी खाल्लेल्या पोराला पत्ता सांगतो, नकारात्मक ऊर्जेपासून दूर राहा. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास 60 दिवसांत पुरा करायचा नियम आहे, माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर द्यायचे बंधन आहे. हे दिवस मोजायला लावणारा पत्ता त्या 78 मध्ये नाही.

पोरे मूर्ख आहेत म्हणून हे वाचतात, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मॅलिनोव्स्कीने ट्रोब्रियांड बेटांवर पाहिले होते की, शांत खाडीत मासे धरताना लोक मंत्रतंत्र करत नाहीत, खवळलेल्या खुल्या समुद्रात जाताना करतात. ज्याच्या जाहिराती निघत नाहीत, निघाल्या तर परीक्षा लांबतात, त्या एमपीएससीच्या पोराचा रोजचा दिवस खुला समुद्र आहे. शेतकऱ्याचाही तोच. आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, आणि पाऊसपाणी ऐकायला लांबून लोक येतात. भीती खरी आहे. म्हणून तिच्यावरचा इलाजही खरा हवा. कृषी विद्यापीठ आणि हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. आठवड्याचे भविष्य म्हणावे तर ते. देशभरातली अशी 199 जिल्हा केंद्रे 2024 मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी स्टेटस ठेवले? टॅरो एक आठवडा चुकले असते तर लगेच कळले असते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अद्भुतावरच्या श्रद्धेला अधम्मात घातले आहे. आणि जातकात नक्षत्राची एक गोष्ट आहे. लग्न ठरले होते. वरपक्षाने ऐनवेळी आपल्या आजीवक साधूला दिवस विचारला. आधी विचारले नाही म्हणून तो चिडला होता, त्याने नक्षत्र वाईट सांगितले. वऱ्हाड थांबले. मुलीकडच्यांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी चांगल्या नक्षत्रावर वऱ्हाड पोचले ते भांडायला. बुद्धाच्या परंपरेत ही गोष्ट इतकी जुनी आहे, आणि आपण वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर बसून तुळेचा पत्ता वाचतो.

गटचर्चा घेणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सुचवतो. मागच्या आठवड्याचे टॅरो भविष्य छापून काढा, राशींची नावे कापा, बारा चिठ्ठ्या सतरंजीवर टाका आणि मागचा आठवडा आठवून आपापली चिठ्ठी ओळखायला सांगा. वाद घालू नका, भाषण करू नका. पोरे हसतील, तेवढे पुरे. त्यानंतर त्याच सतरंजीवर अडकलेले अर्ज काढायचे. शिष्यवृत्ती, स्वाधार, जातवैधता, थकलेली मजुरी, जे असेल ते. येताना आधार, पासबुक आणि अर्जाची प्रत सोबत आणायला सांगा. पोर्टलचा पासवर्डही, तो नेहमी कुणाच्या तरी मामाकडे राहिलेला असतो.