छापील किंमत आणि सवलतीचा हिशेब

गावातल्या पुस्तकविक्रेत्याकडून ग्रंथ घेण्यात द्रव्यहानीखेरीज काही साधत नाही, असे मानणारा एक पक्ष छत्रपती संभाजीनगरच्या सुशिक्षित वर्गात अलीकडे बळावला आहे. त्याच्या कैफियतीची कलमे तीन: घरपोच येणाऱ्या पुस्तकावर सवलत अधिक मिळते, शहरातल्या औरंगपुरा भागातल्या पुस्तकांच्या दुकानांत हवे ते पुस्तक असेलच याची शाश्वती नाही, आणि ही दुकाने स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांवर जगतात, तेव्हा साहित्याशी त्यांचे नाते ते काय? कैफियत खोटी नाही; अपुरी आहे.

सवलत हे कोणाचे औदार्य नव्हे. मराठी ग्रंथाची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची, आणि तिच्या छापील किमतीत विक्रेत्याचे जे कमिशन धरलेले असते त्यातूनच त्याने दुकानाचे भाडे, नोकराचा पगार आणि न खपलेल्या प्रतींचा बोजा सोसायचा असतो. तेच कमिशन ग्राहकाला वाटून टाकणे ज्याचा नफा इतर शंभर जिनसांवर निघतो त्या बलाढ्य व्यापाऱ्याला सहज परवडते. ज्याचा प्रपंचच पुस्तकांवर चालतो त्याला परवडत नाही. हे ओळखूनच फ्रान्सने ऑगस्ट 1981 मध्ये, जाक लांग हे संस्कृतिमंत्री असताना, नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सूट देण्यास कायद्याने मनाई केली. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणून तो विवेक वाचकालाच करावा लागतो.

मार्गदर्शकांविषयीचा आक्षेप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. तालुक्याहून आलेला विद्यार्थी नेमलेल्या पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून आणतो. विक्रेता त्याला आवृत्ती विचारतो, जुनी प्रत चालेल का ते विचारतो, आणि गल्ल्यावरच्या गर्दीतही मागच्या फळीवरचा एखादा कवितासंग्रह त्याच्या हाती देतो. त्या कवितासंग्रहाचे भाडे मार्गदर्शकच भरत असतात. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

शिवाय हा मराठवाडा आहे. निजामी अमदानीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मुक्ती मिळाली 17 सप्टेंबर 1948 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय 1950 मध्ये उभे राहिले, आणि स्वतःच्या विद्यापीठासाठी प्रांताला 1958 उजाडेपर्यंत थांबावे लागले. ज्यांच्या घरी ग्रंथांचा वारसा नव्हता अशा पिढ्या या शहरात शिकायला आल्या. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी दलित साहित्याचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवले. अशा पहिल्या पिढीच्या वाचकाला आपल्याला नेमके काय वाचायचे आहे हे आधी ठाऊक नसते, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्या पुस्तकाची मागणी तो यंत्राकडे कशी नोंदवणार? ते त्याला फळीवरच भेटावे लागते.

विक्रेता शहराला काय देतो याचा दाखलाही इथलाच आहे. पुस्तकविक्रीचा व्यवसाय करणारे मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या घरातून 2021 मध्ये मोहल्ला बालवाचनालयांची चळवळ निघाली. त्यांच्या शाळकरी कन्येने आपल्या वस्तीत पहिले वाचनालय उघडले, आणि पुढे शहरभर अशी तीसहून अधिक वाचनालये झाली. पुस्तके हाताळण्यात ज्याचे आयुष्य गेले त्यालाच वस्तीतल्या मुलांची भूक प्रथम दिसावी, हे मला स्वाभाविक वाटते.

दुर्मिळ ग्रंथ दुकानात मिळत नाही, हे कलम मात्र मान्य केले पाहिजे. पण मागणी नोंदवली तर तो मागवता येतो, आणि वारंवार नोंदलेली मागणी पाहूनच विक्रेता पुढच्या खेपेला दोन प्रती अधिक ठेवतो. जो वाचक दुकानात पाऊलच टाकत नाही, त्याच्या आवडीची दखल विक्रेत्याने घ्यावी कशी?

ज्यांचे उत्पन्न बेताचे आहे त्यांनी सवलत जरूर पाहावी. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. माझी विनंती पगारदारांना, प्राध्यापकांना आणि लेखकांना आहे. या महिन्यातली आपली यादी औरंगपुऱ्यात घेऊन जा, नसलेल्या पुस्तकाची मागणी नोंदवा आणि ते येईपर्यंत आठ दिवस थांबा.