गणपतीची शाळा भरू द्या

दक्षिण कोकणात मूर्तिकाराच्या जागेला कारखाना म्हणण्याची रीत नाही; तेथे ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. पाटीवर ‘गणेश चित्रशाळा’ असे लिहिलेले असते. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट तेथे पोहोचतात, यंदा मूर्ती केवढी हवी, बैठक कशी हवी याची बोलणी होतात आणि रंगकाम संपेपर्यंत गावातील मुले त्या उंबरठ्यावरून हलत नाहीत. कोणी माती मळून देतो, कोणी उरलेल्या गोळ्याचा उंदीर वळून पाहतो. या शाळेत शुल्क नसे आणि प्रमाणपत्रही नसे. परंतु मूर्तीचे मोल कशात आहे, हे त्या मुलांना कोणी न सांगता उमगत असे. पुढे तीच मुले संसाराला लागली की पाट घेऊन त्याच शाळेची पायरी चढत. शिकविणे आणि विकणे ही तेथे दोन वेगळी कामे नव्हतीच.

शहरात हा धागा तुटला. तेथील ग्राहकाला मूर्ती दिसते ती थेट विक्रीच्या मांडवातील फळीवर, रंगवून झाल्यावर. तेथे त्याला दोनच गोष्टी कळतात : रंगाची झळाळी आणि किंमत. या दोन्हींत प्लास्टर शाडूला सहज मागे टाकते. प्लास्टरची भुकटी पाण्यात कालवून साच्यात ओतली की अर्ध्या तासाच्या आत घट्ट होते. शाडूची मूर्ती साच्यातून निघाली तरी तिची सोंड, कान, बोटे हातानेच नीट करावी लागतात. ती सावलीत वाळवावी लागते, कारण कडक उन्हात तडे जातात. आणि हे सारे आषाढ-श्रावणाच्या ओलसर हवेत. त्यातून ती जड आणि नाजूक. वाहतुकीत एक बोट मोडले तरी मूर्ती गेली. हा सगळा हिशेब ज्याने कधी पाहिलाच नाही, तो मूर्तिकाराला महागडा म्हणणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कायद्याच्या आधारावर हा व्यवसाय तरेल, अशी आशा बाळगणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांचा अनुभव आठवावा. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्याची वाट मोकळी केली आणि न्यायालयाच्या अनुमतीवाचून नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन करू नये, असे बजावले. या वादात पेण परिसरातील प्लास्टरच्या कारखान्यांवर पोट असलेल्या हजारो हातांचाही प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. तथापि शाडूची मूर्ती कोणी मनाईच्या धाकाने घेत असेल, तर धाक सरताच तो पाठ फिरवील. मूर्तीला गरज आहे ती जाणत्या ग्राहकाची.

असा ग्राहक घडविण्याचे साधन म्हणजे शिकवणीचे वर्ग. पुणे, मुंबई, ठाणे येथील शाळांत आणि गृहनिर्माण संस्थांत शाडूच्या कार्यशाळा आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मात्र अनेक मूर्तिकार त्यांच्याकडे संशयाने पाहतात. लोक घरीच मूर्ती करू लागले तर विकत कोण घेणार, असा त्यांचा प्रश्न असतो. एका हंगामाच्या मिळकतीवर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाच्या तोंडी तो शोभतोच. प्रत्यक्षात घडते ते उलट. दोन तासांच्या वर्गात पोट आणि मस्तक सर्वांनाच जमते. मग सोंड खाली घसरते, बोटांच्या शेंगा होतात, मुकुट कलंडतो. पाणी जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी भेगा. एवढे अनुभवलेला मनुष्य फळीवरील मूर्तीच्या हाताची पाच बोटे निरखून पाहतो आणि घासाघीस करताना त्याची जीभ अडखळते. कोणी चिकाटीने स्वतःची मूर्ती पूर्ण केलीच, तर तोही परका होत नाही. माती त्याच मूर्तिकाराकडून नेतो आणि डोळ्यांच्या आखणीसाठी पुन्हा त्याच्याच दारी येतो.

धोका आहे तो दुसरीकडे. वर्ग भरतो, शुल्क गोळा होते, पत्रकावर आयोजकाचे नाव मोठ्या अक्षरात झळकते आणि मूर्तिकाराच्या हाती दिवसाची मजुरी पडते. कित्येकदा शिकविणारा मागील वर्षी शिकून गेलेला हौशी असतो. विद्या कोणाची खासगी मिरास नव्हे, हे खरे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या हुन्नरावर पोसलेल्या वर्गात त्या घराचे नावही नसावे, हा न्याय नव्हे. यास्तव वर्ग मूर्तिकाराच्या नावाने, शक्यतो त्याच्याच जागेत आणि त्याने ठरविलेल्या शुल्काने व्हावा. तेथे कच्च्या मूर्तींच्या रांगा भोवती असतात. निराळी जाहिरात लागत नाही. माती चाळणे, भिजविणे, मळणे आणि त्या दुपारी खोळंबलेले काम, हे सारे शुल्कात धरले पाहिजे. येथे कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. मोफत शिबिराचा उत्साह चांगल्या भावनेतून येतो. पण आठ दिवस फुकट शिकविलेल्या वस्तीत नवव्या दिवशी शुल्क मागणारा कारागीर लोभी ठरतो.

वर्ग चतुर्थीच्या तोंडावर ठेवू नये. तेव्हा कारखान्यात श्वास घ्यायला सवड नसते. मातीचे पंचांग तर वर्षभराचे आहे. बेंदूर आणि पोळ्याचे बैल, नागपंचमीचा नाग, हरितालिकेच्या सखी-पार्वती, दिवाळीच्या पणत्या आणि किल्ल्यावरील मावळे. किल्ल्यासाठी बाजारातून रंगीत चित्रे आणणारी मुले ती स्वतः करायला मिळाली तर वर्गाला एक दिवसही चुकणार नाहीत. या प्रत्येक निमित्ताने एकेक वर्ग ठेवला, तरी हंगामाबाहेरचे महिने कोरडे जात नाहीत.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मूर्तिकार आणि कुंभार आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये, तारणाविना १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची तरतूद आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र गिऱ्हाईक कर्जाने मिळत नाही.

उत्तम मूर्तिकार उत्तम शिक्षक असतोच, असेही नाही. अनेकांना चार अनोळखी माणसांसमोर बोलण्याचा संकोच असतो. अशा घरांत लेकी-सुना वर्षानुवर्षे रंगकाम आणि घासकाम करीत आलेल्या असतात. पाटीवर त्यांचे नाव नसते आणि हिशेबात त्यांची मजुरी नसते. उन्हाळी सुटीतील वर्ग त्यांच्याकडे सोपवावा, शुल्कही त्यांच्याच हाती द्यावे. येणाऱ्याचे नाव, दूरध्वनी आणि यंदा त्याला केवढी मूर्ती हवी, याची नोंद एका वहीत होते. मे महिन्यात घेतलेली मागणीची आगाऊ रक्कम जूनमध्ये गुजरातहून येणाऱ्या मातीच्या गोण्यांना पुरते.