कुलूपबंद मिळकतींचा जाब

ज्या रात्री लक्ष्मीच्या स्वागतासाठी घराचे दार उघडे ठेवण्याचा आपला प्रघात आहे, त्या रात्रीच्या अंकाचा आरंभ बंद दारांच्या विषयाने करावा, हे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. परंतु वारसांच्या कज्जात, मालकाच्या लोभात अथवा कचेरीच्या दप्तरात अडकून पडलेली मिळकत शेजाऱ्यांची झोप कशी हिरावून घेते, हे जुन्या वस्तीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रथम पितळी नळ नाहीसा होतो, मग विजेच्या तारा, मग खिडकीच्या चौकटी. पुढे तेथे पत्त्यांचा अड्डा बसतो, आणि एके दिवशी तिन्हीसांजेनंतर मुलींनी त्या बोळातून जाऊ नये, असा अलिखित हुकूम सुटतो. (हुकूम मुलींना, मालकाला नव्हे!)

मुंबईत महालक्ष्मी स्थानकाजवळच्या, वर्षानुवर्षे बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात 22 ऑगस्ट 2013 रोजी छायाचित्रे टिपण्यासाठी गेलेल्या एका तरुण वृत्तछायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला, आणि त्याच ओसाडीत त्याआधी जुलैमध्येही एका तरुणीवर तसाच प्रसंग ओढवला होता, हे मागाहून उघडकीस आले. अपराध्यांना शासन झाले, ते यथायोग्यच झाले. मात्र शहराच्या ऐन मध्यभागी असे निर्जन रान कोणाच्या हयगयीने माजले, या प्रश्नाची सुनावणी कोठेच झाली नाही.

अशी ओसाडी सावरली तर काय घडते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी 541 ओसाड भूखंड प्रयोगासाठी घेतले. त्यांपैकी काहींवरचा केरकचरा उचलून हिरवळ, थोडी झाडे आणि बुटके लाकडी कुंपण एवढीच तजवीज केली, आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील दरिद्री वस्त्यांत बंदुकीचे गुन्हे सुमारे 29 टक्क्यांनी घटले. कुंपण बुटकेच होते, हे आमच्या उंच भिंतींच्या भक्तांनी ध्यानी घ्यावे. भिंतीआड काय चालले आहे ते भिंत झाकते, कुंपण दाखवते.

2011 च्या जनगणनेत ज्या मुंबईत जवळजवळ पावणेपाच लाख घरे रिकामी आढळली, त्याच मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडवस्तीत राहत होते. रिकामेपण हा दैवी कोप नव्हे. तो मालकाने आणि सरकारने मिळून घेतलेला निर्णय आहे, आणि त्याचे भाडे शेजारी भरतात.

वाचकांना एवढीच विनंती, की फराळाची धांदल ओसरल्यावर आपल्या गल्लीतील अशा मिळकतीचा कर कोणाच्या नावे आकारला जातो, याची पालिकेच्या विभाग कार्यालयात चौकशी करावी, साफसफाई व बंदोबस्तासाठी लेखी अर्ज द्यावा, आणि पोच घेतल्यावाचून परतू नये.