निळ्या रंगाआधीची मिनिटे

विज्ञानाच्या वर्गात एक प्रयोग हमखास टाळ्या मिळवतो. पाण्यासारखी दिसणारी दोन द्रावणे एकत्र ओतली जातात. काही वेळ काहीच घडत नाही आणि मग क्षणार्धात चंचुपात्र गडद निळे होते. हान्स लांडोल्ट या रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये अशी अभिक्रिया मांडली. रंग ठरावीक वेळाने उमटतो, म्हणून तिला घड्याळ अभिक्रिया म्हणतात. टाळ्या वाजतात, तास संपतो आणि शिकवायचे ते राहूनच जाते. जादूच्या खेळासारखे हे प्रात्यक्षिक दाखवण्याची प्रथा बंद व्हायला हवी.

कारण खरे रसायनशास्त्र त्या शांत मिनिटांतच असते. हाच प्रयोग औषधाच्या दुकानातील वस्तूंनीही करता येतो. आयोडीनच्या द्रावणात क जीवनसत्त्वाची पूड जास्त प्रमाणात घातली, की तपकिरी रंग जाऊन आयोडाइड तयार होते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्टार्च मिसळताच आयोडाइडपासून पुन्हा आयोडीन बनू लागते. परंतु शिल्लक असलेले क जीवनसत्त्व ते लगेच संपवते. ही झटापट अखंड चालू असते, डोळ्यांना मात्र दिसत नाही. जीवनसत्त्व संपते, आयोडीन उरते आणि स्टार्च निळा होतो. अचानक असे काहीच घडलेले नसते.

म्हणून शिक्षकाने घड्याळ विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. जीवनसत्त्व दुप्पट घेतले तर रंग लवकर येईल की उशिरा? द्रावणे कोमट असतील तर? अंदाज आधी वहीत लिहावा, मगच सेकंद मोजावेत. मुक्त विद्यालयाच्या प्रौढ विद्यार्थ्याला प्रयोगशाळेचे दिवस मोजकेच मिळतात. पण थंडीत दही उशिरा लागते आणि उन्हाळ्यात इडलीचे पीठ लवकर आंबते, हे त्याला पुस्तकाआधीच ठाऊक असते. त्याला कोणी विचारत नाही, एवढेच.

वेळ आणि साहित्य नाही, ही सबब नेहमीची आहे. तिच्यात तथ्य असले, तरी सोडियम थायोसल्फेट आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल बहुतेक प्रयोगशाळांत असते. पात्राखाली फुली काढलेला कागद ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण उग्र वासाचा सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. गंधकामुळे द्रावण गढूळ होत जाते आणि फुली दिसेनाशी होते. कोमट द्रावणात ती आधी जाते. किती सेकंद आधी, ते विद्यार्थ्यानेच सांगावे.