वाळलेला थेंब

माझी किडनी बदलली त्याला सहा वर्षे झाली. टॅक्रोलिमसची गोळी जन्माची. कमी पडली तर शरीर किडनी नाकारते, जास्त झाली तर तीच गोळी किडनीला बाधते. म्हणून सकाळच्या गोळीआधी दंडातून रक्त द्यायचे, दर खेपेस अर्ध्या दिवसाची रजा.

मागच्या गणपतीत पुण्याला होतो. तिथे आकडा इथल्यापेक्षा बराच जास्त आला, म्हणून गोळी कमी केली गेली. (पपनस या गोळीला वर्ज्य, मी फोडीलाही हात लावला नव्हता!) परतल्यावर कळले, मोजण्याची पद्धतच वेगळी होती. काही चाचण्या औषधाबरोबर शरीरात त्याचे जे तुकडे होतात तेही मोजतात. मास स्पेक्ट्रोमेट्री रेणूंचे वजन पाहून नेमके औषधच मोजते.

हीच चाचणी कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही होते. घरी बोट टोचायचे, थेंब वाळवायचा, पोस्टात टाकायचा. नेदरलँड्समध्ये किडनीच्या रुग्णांनी हे केले आहे. आपल्या के. के. हॉस्पिटलात २००६ पासून नवजात बाळांच्या टाचेच्या थेंबावर मास स्पेक्ट्रोमेट्री होते. मला मात्र ही सोय अजून कुणी सुचवलेली नाही. रक्तात तांबड्या पेशी किती, त्यावर थेंबाचे पसरणे बदलते आणि आकडा हलतो, हे खरे. पण तेवढ्यासाठी सोय नाकारावी असे मला वाटत नाही. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारणार आहे. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर तुम्हीही विचारा, आणि भारतात जाताना रिपोर्टवर चाचणीची पद्धत लिहून घ्या.