तिचं पुस्तक तिलाच शोधू द्या

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी आमचं दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय नेहमीचा : कौटुंबिक हिंसाचार आणि २००५ चा कायदा. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ज्यांचं व्याख्यान होतं ते वकील आलेच नाहीत. अकरा बायका आणि परतीच्या एसटीला अडीच तास. स्टँडच्या मागे रद्दीचं दुकान होतं. मी म्हटलं, चला, पुस्तकं बघू. किरकोळ खर्चातले पन्नास-पन्नास रुपये प्रत्येकीच्या हातावर ठेवले. अट एकच. मुलांसाठी घ्यायचं नाही, नवऱ्यासाठी नाही, फक्त स्वतःसाठी घ्यायचं.

आधी सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या. एकीनं मुलासाठी गणिताचं गाईड उचललं आणि माझ्याकडे बघून परत ठेवलं. दुसरी म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा ना, चांगलं कुठलं ते." मी मुद्दाम गप्प राहिले. मग हळूहळू पदर खोचले गेले. ढीग उपसायला सुरुवात झाली. कोणी जुना दिवाळी अंक काढला, कोणी शिवणकामाचं पुस्तक, कोणी भुताच्या गोष्टी. दुकानदार वैतागला, मग त्यानंच बसायला पोतं टाकलं. अडीच तासांत एकीनंही घड्याळाकडे पाहिलं नाही. एसटी चुकता चुकता राहिली.

त्यातल्या एका ताईच्या हाती कव्हर नसलेलं पुस्तक आलं. पहिली पानंही गेलेली. ती चौथीपर्यंत शिकलेली, शेतमजुरी करते. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "ताई, ही बाई कोण? संस्कृत शिकली म्हणते, आपल्यातली आहे. एवढं शिकूनही नोकरी मिळेना, आणि लग्नानंतर आडनाव बदललं तशी मिळाली. खरं आहे का हे?"

खरं होतं. ते कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट', १९८१ साली आलेलं. नागपूरच्या दलित कुटुंबातली मुलगी संस्कृतची प्राध्यापक कशी झाली, त्याची हकिगत त्यात आहे. सोमकुंवर या माहेरच्या नावानं जी नोकरी मिळाली नाही ती पावडे या सासरच्या, सवर्ण नावानं मिळाली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मी एम. एस. डब्ल्यू. करताना जात आणि लिंगभाव यांवर इंग्रजीतले ढीगभर उतारे वाचले, पण हे पुस्तक मला कोणी दिलं नव्हतं. पुढे कधीतरी मीही ते असंच, एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या चाळताना शोधलं होतं. फोनवर त्या ताईशी बोलताना माझ्या अंगावर काटा आला. आम्ही दोघी दोन वेगळ्या रद्दीच्या दुकानांतून एकाच बाईच्या दारात पोचलो होतो.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आपण कार्यकर्त्या बायकांना पुस्तकं *देतो*. गठ्ठाच बांधलेला असतो : कायद्याची पुस्तिका, आरोग्याची पुस्तिका, बचत गटाचा हिशोब कसा ठेवावा. गरजेचंच आहे ते सगळं. पण ते निवडतो आपण. तिला काय उपयोगाचं, काय पचेल, हे आपण ठरवतो. घरात सासू ठरवते, नवरा ठरवतो, आणि शिबिरात ताई ठरवते. मग पुस्तिका घरी जातात आणि फडताळात पडून राहतात, आणि आपण अहवालात लिहितो, "वाचनसाहित्याचे वाटप केले."

पुस्तक शोधण्यात जी मजा आहे ती कशाची आहे? माझ्या मते ती मुळात हिंडण्याची मजा आहे. कामाशिवाय बाहेर पडायचं, कुठे जातेस याचं उत्तर द्यायचं नाही, दहा वस्तू हाताळून नऊ परत ठेवायच्या, आणि दहावीवर स्वतःचे पैसे खर्च करायचे. पुरुषाला यात विशेष काही वाटणार नाही. अप्पा बळवंत चौकात नाहीतर फोर्टच्या फुटपाथवर तासन् तास पुस्तकं धुंडाळणाऱ्या गृहस्थाला लोक कौतुकानं 'पुस्तकवेडा' म्हणतात. बाई तेच करू लागली तर पहिला प्रश्न येतो, "घरी स्वयंपाक झाला का?" गावोगावच्या वाचनालयांत संध्याकाळी डोकावून पाहा. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती कोण बसलेलं असतं?

जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला अनेकदा लग्नात भेट दिलेली पुस्तकं सापडतात. आत सुबक अक्षरात 'चि. सौ. कां. ... हिस शुभविवाहप्रीत्यर्थ' आणि तारीख. पुढची पानं मात्र कोरी करकरीत, कधी कधी तर कडासुद्धा न कापलेल्या. वाचणारी मुलगी सासरी गेली, आणि पुस्तक न उघडताच रद्दीत आलं. असं पुस्तक हातात आलं की मी ते सहसा सोडत नाही.

आणि आपल्या लेखिका तरी कुठे सरळ रस्त्यानं आपल्यापर्यंत आल्या? ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं. जोतीरावांनी त्याची पाठराखण केली, आणि मग ते विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली! कोणीतरी शोधलं म्हणून आज आपण त्यांचं नाव घोषणेत घेतो. बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या वाचून काढायच्या. स्वतःचं लिखाण मात्र बरीच वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवावं लागलं. ते 'जिणं आमुचं' म्हणून १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. रद्दीच्या कागदांतून एक वाचक घडली, आणि तिच्यातून लेखिका.

नवी लेखिका सापडण्याच्या माझ्या वाटा साध्या आहेत. आवडलेल्या पुस्तकाची प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका वाचायची. लेखिका आपल्या आधीच्या बायकांची नावं तिथे घेते. मलपृष्ठावरची प्रकाशकाची यादी बघायची. जुने दिवाळी अंक चाळायचे, कारण पुस्तक न निघालेल्या कित्येकजणी तिथेच राहून गेल्यात. वाचनालयातल्या जुन्या कर्मचाऱ्याला विचारायचं. अभ्यासूंनी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडावी. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद आहे तीत. बायकांची नावं शोधत पानं उलटणं हीसुद्धा एक दुपार घालवायची झकास रीत आहे.

कोणी म्हणेल, रेशन मिळत नाही, मार खाऊन बाया येतात, आणि तुम्ही पुस्तकांचं काय काढलंत? फोनवर आता सगळं मिळतं, असंही म्हणतील. पण घरातला फोन बहुधा कोणाच्या खिशात असतो ते आपल्याला ठाऊक आहे. आणि मार खाणाऱ्या बाईला कायदा सांगताना आपण म्हणतो, निर्णय तुझा तू घे. निवडायची सवयच जिला कधी लागू दिली नाही, तिनं एकदम एवढा मोठा निर्णय कुठून घ्यायचा? पन्नास रुपयांच्या पुस्तकापासून ती सवय सुरू झाली तर काय वाईट?

त्या शिबिराच्या हिशोबावर संस्थेच्या कार्यालयातून शेरा आला : "सदर ५५० रुपये कोणत्या शीर्षाखाली?" मी 'प्रशिक्षण' असं लिहून पाठवलं. अजून मंजुरी आलेली नाही.

मैत्रिणींनो, माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या शिबिराच्या अंदाजपत्रकात हा खर्च आधीच धरा. एक सत्र कमी ठेवा, आणि बायकांना पुस्तकांच्या ढिगापाशी नेऊन सोडा. तिथे त्यांना काही सुचवू नका. जमलं तर आपल्यासाठीही एक शोधा.

त्या ताईनं परवा पुन्हा फोन केला होता. आता तिला तिच्या पुस्तकाची गेलेली पहिली पानं हवी आहेत. मी झेरॉक्स पाठवते म्हटलं. ती म्हणाली, "नको ताई, पुढच्या वेळी दुकानात मीच शोधते."