मोबाइलला गल्ली सापडते, मग विमानाला धावपट्टी का नाही?

28 जानेवारी 2026 च्या सकाळी बारामतीला उतरताना लिअरजेट 45 विमान कोसळलं. उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर शिरूर-दौंडकडच्या मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला: जीपीएस असताना असं कसं होतं? अपघाताचं कारण तपास यंत्रणा सांगेल. पण या प्रश्नाचं उत्तर आपल्या हातातल्या फोनपासून सुरू करता येतं.

मॅपवरचा निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते बऱ्यापैकी नेमकं सांगतो. किती उंचीवर आहात, हे सांगताना मात्र तो जास्त चुकतो. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. उतरणाऱ्या विमानाला मात्र उंचीच महत्त्वाची.

मोठ्या विमानतळांवर यासाठी आयएलएस असते. धावपट्टीजवळचे अँटेना रेडिओ लहरी सोडतात आणि विमान त्या धरून खाली येतं. बारामतीला ती नाही, नियमित एटीसीही नव्हतं. वारा किती, दिसतंय किती, हे तिथल्या प्रशिक्षण संस्थांचे लोकच रेडिओवर सांगायचे. त्या दिवशी दृश्यमानता सुमारे 3 किमी होती. नुसत्या नजरेने उडायचं तर साधारण 5 किमी लागते. ताशी सव्वादोनशे किमी वेग धरला, तर 3 किमी म्हणजे फक्त 48 सेकंद! वैमानिकाला पहिल्यांदा धावपट्टी दिसली नाही. तो फिरून परत आला, आता दिसतेय म्हणाला, आणि पुढच्याच मिनिटांत आग दिसली.

आयएलएस महाग आहे, छोट्या धावपट्टीला परवडत नाही, असं लगेच म्हटलं जातं. खरंय. पण आपल्याकडे 'गगन' आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने बनवलेली ही प्रणाली जीपीएसमधली चूक जमिनीवरच्या केंद्रांवर मोजते आणि दुरुस्ती उपग्रहातून विमानाला पाठवते. त्यामुळे उंचीही भरवशाची मिळते, धावपट्टीवर अँटेना बसवावे लागत नाहीत. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगडला असंच उतरलं होतं.

अर्थात नुसता सिग्नल पुरत नाही. विमानात तसा रिसीव्हर हवा, आणि त्या धावपट्टीसाठी आजूबाजूचे टॉवर, टेकड्या मोजून उतरण्याचा मार्ग आखून मंजूर झालेला हवा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटनही होत नाही, म्हणून मागे पडतं असा माझा अंदाज.

शिवाय ठरलेल्या उंचीवर आल्यावर धावपट्टी दिसली नाही, तर गगन असूनही परत वरच जावं लागतं. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी धुकं उसावर कसं बसतं ते दौंडकरांना सांगायला नको. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे: धावपट्टीशेजारी दृश्यमानता मोजणारं स्वयंचलित यंत्र बसवा आणि त्याचा आकडा मुंबईहून निघण्याआधीच वैमानिकाच्या स्क्रीनवर दिसू द्या.